बाल्कनीतला दुपारचा आवाज

मला एका जागी बसवत नाही. बसले तरी पाय हलत राहतो. लहानपणी आई माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरायची आणि म्हणायची, "पाय हलवू नको गो, लक्ष्मी जाता घरातसून." गिरणी बंद पडून घरी बसलेल्या बापाच्या खोलीत लक्ष्मी होतीच कुठे जायला, असं मी एकदा विचारलं होतं. त्याचं उत्तर पाठीत मिळालं. पाय मात्र हलायचा थांबला नाही.

पुढे कामही या स्वभावाला शोभेलसंच मिळालं. अंधेरीला एका छोट्या ऑफिसात बसून मी वाऱ्यापाण्याचे हिशेब करते, तेही बहुतेक गोल वस्तूंभोवतीचे. पाइप, धुराडी, पुलाचे खांब. वारा गोल खांबाला धडकला की दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागे जातो आणि मागे गेल्यावर त्याला काही गप्प बसवत नाही. एकदा डावीकडून भोवरा सुटतो, मग उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून. प्रत्येक भोवऱ्यामागे खांबाला एक बारीक हिसका बसतो. खांब जाडजूड असला तर त्याला पत्ताही लागत नाही. पण बारीक आणि पोकळ नळी असली आणि तिची स्वतःची थरथरायची चाल या हिसक्यांशी जुळली, तर ती थरथरते आणि कधीकधी गुणगुणतेसुद्धा. हे सगळं आम्ही आधी कॉम्प्युटरवर मांडून बघतो. त्याला आम्ही 'रन टाकणं' म्हणतो. मी नेमकं काय करते हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही. वहिनी शेजारणींना सांगते, "ती वाऱ्याचं काहीतरी बघते."

आई बोरिवलीला दादा-वहिनीकडे असते. जुनी इमारत पाडून तिथे टॉवर झाला आणि दुसऱ्या मजल्यावरची आमची जागा एकदम एकोणिसाव्यावर गेली. बाकी सगळ्यांनी बाल्कन्या काचा लावून बंद करून घेतल्या. आईने आमची बंद करू दिली नाही. "माका वारो होयो," एवढंच तिचं म्हणणं. स्टीलच्या गोल, पोकळ, आडव्या नळ्यांचं रेलिंग, समोर पश्चिम आणि दुपारी बारानंतर खाडीकडून येणारा खारा वारा. तिथे खुर्ची टाकून ती मटार सोलत, तांदूळ निवडत बसायची आणि रेलिंगवर दादाच्या लुंगीपासून वहिनीच्या दुपट्ट्यापर्यंत सगळं वाळत घालायची.

मग सोसायटीचा नियम आला. समोरच्या बाजूने रेलिंगवर कपडे दिसता कामा नयेत, इमारतीची शोभा जाते. नियम करणारा सेक्रेटरी म्हणजे आमचाच दादा. त्यामुळे पहिली गदा आईच्या रेलिंगवर आली. कपडे आतल्या स्टँडवर गेले आणि रेलिंग चकचकीत मोकळं झालं. आईने नियम पाळला, पण एक सवलत स्वतःच घेतली. मी घाटकोपरला एकटी राहते. रविवारी सकाळी बोरिवलीला जाते, रात्री हॉलमध्ये खाली गोधडी टाकून झोपते आणि सोमवारी तिथूनच ऑफिस गाठते. माझी गोधडी आई सकाळीच रेलिंगवर पसरून ठेवायची, दुपारचं ऊन लागावं म्हणून. लेक येणार आणि तिला कपाटातल्या वासाची गोधडी द्यायची, हे तिच्या नियमात बसत नव्हतं.

"सेक्रेटरीच्याच घरी गोधडी. लोक काय म्हणतील?" दादा दर रविवारी म्हणायचा.

"लोकांका सांग, चेडू इला माझा," आई म्हणायची. गोधडी संध्याकाळपर्यंत हलायची नाही.

आवाजाची गोष्ट मला पहिल्यांदा फोनवर कळली. आई म्हणाली, "दुपारी कोणतरी रडता गो. गळ्यातल्या गळ्यात." मी विचारलं, कुठे? "भायर. बाल्कनीत." मला वाटलं खालच्या मजल्यावर कुणी आजारी असेल. पण ती रोज सांगायला लागली. दुपारी जेवण झालं की सुरू होतं, कधी वाढतं, कधी बारीक होतं, दिवेलागणीला थांबतं. दादा-वहिनी दोघंही त्या वेळी कामावर. ते घरी येईपर्यंत सगळं शांत. रविवारी दादाने मुद्दाम दुपारभर कान देऊन ऐकलं, मीही ऐकलं. काही नाही. खालून पोरांचा आरडाओरडा, शेजारच्यांचा टीव्ही, बस.

"आज नाही वाटतं आवाज," मी आईला म्हटलं.

"तू इलंस की थांबता," ती म्हणाली.

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, पोळी वाढताना. पण दादाने माझ्याकडे बघितलं आणि मी ताटाकडे. त्या वाक्याने सगळ्यांना उत्तर मिळाल्यासारखं झालं. म्हातारी दिवसभर एकटी असते, लेक आली की बरं वाटतं, लेक गेली की भास होतात. डोक्याच्या डॉक्टरांनाही दादाने हेच वाक्य सांगितलं. त्यांनी समजुतीने मान हलवली आणि सांगितलं, या वयात होतं असं, एकटेपणातून होतं, आवाज चालूच राहिला तर गोळ्या सुरू करू.

मला ते वाक्य चावत राहिलं. मी आले की थांबतं, म्हणजे आईचं रडणं माझ्यामुळे आहे, असाच त्याचा अर्थ निघत होता. मी काय करणार होते? घाटकोपरचं घर सोडून बोरिवलीला येऊन राहणार होते? आठवडाभर माझं कशात लक्ष नव्हतं. ऑफिसात खुर्चीवरून उठायचं, पाण्याच्या मशीनपर्यंत जायचं, पाणी न पिता परत यायचं. अशाच एका फेरीत रेलिंगच्या नळ्या डोळ्यांपुढे आल्या. गोल, पोकळ, पश्चिमेचा वारा. मला स्वतःचीच चीड आली. वीस वर्षं जे करते ते मला घरच्या बाल्कनीत दिसू नये?

मी दादाला फोन केला. "गोळ्या इतक्यात सुरू करू नको. रेलिंगचा आवाज असेल."

"रेलिंग?" तो हसला. "यार, मी पण त्याच घरात राहतो."

"दुपारी नसतोस. मी हिशेब करते ना, बघू काय येतं ते."

"आणि नाही आलं तर?"

"तर गोळ्या सुरू कर," मी म्हणाले. मला माझ्या विद्येची एवढी खात्री होती की छातीठोकपणे शब्द देऊन बसले.

ऑफिसचं मशीन दिवसभर गिऱ्हाइकांच्या कामात असतं. मला मिळणार ती जेवणाची सुट्टी. म्हणून मी आमच्याकडे तयार असलेली एक जुनी मांडणी उचलली, नळीचं माप बदललं, वाऱ्याचा वेग घातला आणि रन टाकला. डब्यातली भेंडी खाऊन होईपर्यंत उत्तर आलं. नळीच्या मागे वारा शांत होता. वर एक लांबट भोवरा, खाली तसाच दुसरा, दोघे जागच्या जागी, रांगोळीतल्यासारखे सारखे. हिसका नाही, थरथर नाही. मी वेग बदलून बघितला. तेच.

मी ते चित्र दादाला पाठवलं. त्याचा लगेच फोन आला. "म्हणजे आवाज नाही?"

"हिशेबात तरी नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. त्यालाही रेलिंग निघालं असतं तर हवंच होतं. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी आई मंदावली. फोनवर आधी ती मला बोलू द्यायची नाही, आता मीच प्रश्न विचारत होते आणि ती 'हो', 'नाय' करत होती. जेवलीस का? जेवलंय. काय केलंस? निजलंय. सोलकढी करायचं तिने सोडलं, नारळ खवायला बसवत नाही म्हणाली. दादाने विचारलं, आवाज येतो का? "नाय," ती म्हणाली. डॉक्टर खूश झाले. दादाही सुटल्यासारखा झाला. मीच तेवढी तळमळत होते आणि तळमळायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं, कारण हिशेब माझाच होता.

त्या दिवसांत आमच्याच ऑफिसातली एक मैत्रीण तिच्या कामाचं चित्र घेऊन माझ्याकडे आली. कुठल्याशा कारखान्याचं उंच धुराडं होतं. मागचा वारा शांत येतोय, गिऱ्हाईक मानत नाहीये, म्हणाली. मी स्क्रीनवर वाकले आणि मला हसूच आलं.

"अगं, अर्धंच घेतलंयस," मी म्हणाले. "मशीनचा वेळ वाचवायला मधोमध कापलंस आणि मधल्या रेषेवर आरसा लावलास. वरचा भाग तसाच खालचा, मान्य. पण आरसा म्हणजे भिंतच ना? वारा ती रेषा ओलांडणार कसा? आणि रेषा ओलांडूनच तर तो इकडे-तिकडे..."

मी तिथेच थांबले. ती म्हणाली, "इकडे-तिकडे काय?"

मी उचललेली जुनी मांडणी अर्धीच होती. आमच्या धंद्यात ही सवय सगळ्यांना असते. दोन्हीकडे सारखं दिसलं की अर्धं कापायचं, निम्म्या वेळात काम उरकायचं. पाण्याच्या पाइपच्या आत ते चालतं. गोल नळीच्या मागे मात्र तो झोका मारायचा वाराच आपण बांधून ठेवतो आणि मग म्हणतो, बघा कसा शांत आहे. नव्या लोकांना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. माझ्या कानशिलांतून कढत वाफ निघाल्यासारखं झालं. आईच्या पोटात रोज एक गोळी जात होती ती माझ्या या आरशामुळे.

मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिने आपलं काम बाजूला केलं आणि मशीन मला दिलं. "टाक पूर्ण रन. साहेबांना मी बघते."

अख्खी नळी मांडली, आरसा काढला आणि रन सुरू केला. पडद्यावर पुन्हा तेच दोन शांत भोवरे आले, सारखे, जागच्या जागी. मला हे अपेक्षित होतं. सगळं अगदी सारखं मांडलं की सुरुवातीला झोका येत नाही. कुठल्यातरी दूरच्या दशांश स्थळावर बारीक फरक पडतो, तो वाढत जातो, तेव्हा कुठे तोल जातो. याला फार वेळ लागतो म्हणून आम्ही लोक सुरुवातीलाच वाऱ्याला एक हलका धक्का देतो.

"दे ना धक्का," मैत्रीण म्हणाली. "किती वेळ बसणार?"

"नाही द्यायचा. दादा म्हणेल तूच ढकललंस."

"त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना," मी म्हणाले.

म्हणून बसून राहिले. बसून कसली, उभी राहिले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. खाली रिक्षावाले मीटरवरून भांडत होते. पडद्यावर काही हलत नव्हतं. आता मला खरी भीती वाटायला लागली. अख्खी नळी मांडूनही नाही आलं तर? तर मग आईला खरंच भास होत होते, आणि तिचं वाक्यही खरं, मी आले की थांबतं. मी खुर्चीत बसले आणि पाय हलायला लागला. मैत्रीण म्हणाली, टेबल हलतंय. मी म्हटलं, हलू दे.

मग खालच्या भोवऱ्याचं शेपूट किंचित वर आलं. मला वाटलं डोळे दमले. पण पुढच्या चित्रात ते आणखी वर होतं, मधली रेषा ओलांडून, आणि वरचा भोवरा चेपला जात होता. मग वरचा सुटला. मग खालचा. मग सगळी मागची हवा अशी डोलायला लागली की थांबायचं नाव घेईना. एक वर, एक खाली, एक वर. चाल मोजली. दुपारच्या वाऱ्याला पोकळ नळी जिथे खर्जात गुणगुणेल, तिथेच ती येत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मैत्रीण मला म्हणाली, "जा तू."

मी फोन न करता गेले. ही पहिलीच वेळ. एरवी मी निघताना फोन करते, पोचेपर्यंत आईची तयारी झालेली असते. माझ्याकडे किल्ली आहे. दार उघडलं आणि आत पाऊल टाकलं तोच ऐकू आला.

खर्जातला, कण्हल्यासारखा, वाऱ्याबरोबर चढणारा आणि उतरणारा. हॉलभर होता. कुणीतरी तोंड दाबून रडतंय असंच वाटत होतं. मला माहीत होतं ही नळी आहे, तरी अंगावर काटा आला.

आई बाल्कनीकडे पाठ करून बसली होती. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा तिला कळलं. ती दचकली. बोळे काढले, पदराआड लपवले.

"सांगान येवचा ना गो," ती म्हणाली.

"आई, आवाज येतोय."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुका येता?"

"येतो ना. चांगला मोठा येतोय."

"मगे मी काय सांगत होतंय?" ती एवढंच म्हणाली, आणि मी आलेच आहे हे लक्षात आल्यासारखी गडबडीने उठली. कपाट उघडलं, माझी गोधडी काढली, झटकली आणि बाल्कनीत जाऊन रेलिंगवर पसरली.

आवाज बंद झाला. बारीक होत गेला नाही, गोधडी नळ्यांवर पडली तसा बंदच झाला.

आई वळली. चेहरा उजळला होता. "बघलंस? तू इलंस, थांबलो."

मी खुर्चीत बसले. मला हसूही येत होतं आणि रडूही. मग उठून गोधडी उचलली. आवाज आला. टाकली, गेला. आईच्या हाताला धरून तिलाच करायला लावलं. तिने दोनतीनदा केलं, लहान मूल दिव्याचं बटण चालूबंद करतं तसं. रोज कपडे वाळत होते तोवर नळ्या गप्प होत्या. दादाच्या नियमाने त्या मोकळ्या झाल्या आणि कण्हायला लागल्या. रविवारी माझी गोधडी पडायची आणि पुन्हा गप्प. सगळं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"असात," ती म्हणाली. "तुझा शिक्षाण मोठा हा." पण मला उगाच वाटलं की तिचा कारभार तिच्याकडून काढून घेतल्यासारखं तिला झालं. मी आले म्हणून थांबतं, ही गोष्ट तिची होती. ती मी नळ्यांना देऊन टाकली.

दादाला फोनवरून आवाज ऐकवला. तो संध्याकाळी लवकर आला, वारा होता तोवर. गोधडी उचलून त्याने रेलिंगला कान लावला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसा आमचा दादा, पण त्या दिवशी तो आईच्या पायाशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आई, मला ऐकूच आलं नाही गं." आई म्हणाली, "तू खंय होतंस दुपारी?" तिने विषय तिथेच संपवला आणि त्याला चहा दिला. डॉक्टरांना भेटून गोळ्या बंद केल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मोबाइलवरचा आवाजही ऐकला आणि आईची माफी मागितली.

उपाय सोपा होता. कारखान्यांच्या उंच धुराड्यांना वरच्या अंगाला गोल फिरत जाणारी पट्टी असते. ती शोभेची नसते, भोवऱ्यांना एकदम सुटू देत नाही. आम्ही नळ्यांना काथ्याचा सुंभ तसाच तिरका गुंडाळायचं ठरवलं. सुंभ गावाहून मावशीने पाठवला. दादाने एक नळी केली, सैल आणि वेडीवाकडी. आईने ती सोडायला लावली आणि सगळ्या स्वतः केल्या, पीळ आवळत, अंतर राखत, अधूनमधून दादाला गाठ धरायला सांगत. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला, सेक्रेटरींच्या बाल्कनीत हे काय? दादाने उत्तर टाकलं, "आईचं काम चालू आहे."

त्यानंतरच्या एका दुपारी मी ऑफिसात होते. बाहेर वारा होता, समोरच्या इमारतीवरचा निळा ताडपत्रीचा तुकडा फडफडत होता. आईचा फोन आला.

"वारो खूप हा आज," ती म्हणाली.

"आणि आवाज?"

"नाय. काय एक नाय."

मी म्हटलं, चला, सुटलीस. तिकडून मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"आवाज थांबलो गो," ती म्हणाली. "तरी पण ये हां तू."

टेबलाखाली माझा पाय हलत होता. मी तो हाताने दाबून धरला.

"गोधडी उन्हात घालून ठेव," मी म्हटलं.